पातीनं बांधलेली बैठक

आमचं घर एका खोलीचं. त्या एका खोलीत चूल, उतरंड, बाची बाज, माझे दोघं धाकटे भाऊ, माय आणि मी. पाहुणा आला की माय भावांना घेऊन अंगणात जायची, पाहुणा उठला की आत यायची. आमचीच अशी तऱ्हा होती असं नाही. कवठीपुऱ्यातली सगळी घरं अशीच, नाल्याच्या अलीकडे एकमेकांना टेकून उभी. आजाऱ्याच्या उशाशी चूल पेटायची, बाळंतिणीच्या बाजेखालून कोंबड्या जायच्या, आणि नवराबायकोला भांडायचं झालं तर आवाज गिळून भांडावं लागायचं, कारण तुराट्यांचा कूड कोणाचंच काही पोटात ठेवत नाही. माय उमरखेडच्या पेठेत एका मोठ्या घरी तूर निवडायला जायची, मी तिच्यासोबत. त्या घराला बैठक होती. गादी, लोड, भिंतीवर टिकटिक करणारं घड्याळ, आणि बसलेलं कोणीच नाही. मला त्या गादीचं नवल वाटायचं नाही बरं का. नवल वाटायचं ते याचं, की आख्खी खोली रिकामी ठेवून दिली आहे, कोणी आलंच तर म्हणून.

बा जिनिंगात हमाल होता. कापसाचा हंगाम लागला की त्याची रात्रपाळी सुरू व्हायची. सकाळचा भोंगा झाला की थोड्या वेळानं तो यायचा. भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळीवर रुई बसलेली, हंगामभर माझा बा म्हातारा दिसायचा आणि पाऊस लागला की पुन्हा तरणा व्हायचा. माय तव्यावरची भाकर थेट त्याच्या हातावर द्यायची, सोबत कण्या घातलेली अंबाडीची भाजी. तो बुक्की मारून कांदा फोडायचा. त्या एका बुक्कीचा आवाज झाला की त्यानंतर घरात आवाज बंद. बा झोपायचा आणि आम्ही दिवसभर पाय उचलून चालायचो. माझी शाळा चौथीनंतर सुटलेली होती, भावांना सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून. पण माझ्याजवळ पाचवी-सहावीची जुनी पुस्तकं होती. मी ती चुलीजवळ बसून वाचायचे. पान उलटलं की बा कूस बदलायचा. मग एक पान मी तीन-तीनदा वाचायचे, उलटायला नको म्हणून. आज लोक मला विचारतात की आजी, तुम्हाला इतकं पाठ कसं? पाठ असं.

ती पुस्तकं आणून देणारी माझी गिरजाआत्या. बाची मोठी बहीण. लहान वयात रंडकी होऊन भावाच्या मोहल्ल्यात परत आली आणि सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागली. उंच, काळीसावळी, पांढऱ्या लुगड्याला निळा काठ. चालायची अशी की जणू कोणाला तरी निरोप द्यायचा आहे आणि तो शिळा होईल. शाळेत ती कधी गेली नव्हती. दवाखान्यातल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघत बघत अक्षरं शिकली, त्यामुळे तिला 'विष' आधी वाचता आलं आणि 'आई' मागाहून. तिच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बायांचा घोळका असायचा. कोणाची चिठ्ठी वाचून दे, कोणाच्या पोराच्या कानात तेल घाल, कोणाच्या नवऱ्याला दम दे. गुळाचा काळा चहा उकळत असायचा आणि आत्या एका हातानं कप भरत दुसऱ्या हातानं कोणाची तरी नाडी बघत असायची. मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली पुढं, भाषणं ऐकली. पण दुसऱ्याचं ऐकताना अशी पूर्ण मान वळवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बैठकीचं तिच्या डोक्यात कसं आलं ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथं होते. पैकूजी म्हणून आमचे शेजारी, गवंडीकाम करायचे, तोंडाचे फटकळ. त्यांची आई गेली त्याच दिवशी त्यांची सून बाळंत झाली. खोली एकच. बाळंतिणीला बाहेर काढता येईना, म्हणून म्हातारीला काढलं. रस्त्यावर, चटईवर. वर ऊन. आत्या दवाखान्यातून आली, तिनं आपली छत्री उघडली आणि मेलेल्या म्हातारीच्या तोंडावर धरून उभी राहिली, गावाहून माणसं येईपर्यंत. हात दुखला की हात बदलायची. मी म्हटलं, "आत्या, मी धरतो." तर म्हणाली, "तू पानी भर." वऱ्हाडात आम्ही बाया 'मी धरतो, मी जातो' असंच बोलतो, शिकलेल्या पोरी हसतात, हसू द्या. दुसऱ्या दिवशी ओट्यावर ती म्हणाली, "जल्मलेल्याले आन मेलेल्याले एकच खोली. हे बरं नाही. आपल्यापैकी कोनाच्यानंच दुसरी खोली होत नाही. मंग साऱ्यायची मिळून एक करू."

"कशाची खोली?" पैकूजींनी विचारलं. "देवाची का?"

"देवाले घर हाय. मानसाले पायजे. ज्याले घरात जागा नाही पुरत त्यानं तिथं येऊन बसा. आजारी असो, पावना असो, रुसलेली बाई असो. अभ्यास करनारं लेकरू असो." हे शेवटचं बोलताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, ओट्याखाली उभ्या असलेल्या माझ्या बाच्या तोंडाकडं पाहिलं.

बा समजला. त्या दिवसांत फुलसावंगीहून माझ्यासाठी स्थळ आलेलं होतं. मुलाकडं बैलजोडी होती, शेत बटाईनं करायचे, माणसं बरी होती. मी तेव्हा पंधराची असेन. आत्याचं म्हणणं होतं की पोरीला सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसवू, एक वर्ष द्या, मग काय करायचं ते करा. घरी आल्यावर दोघा बहीणभावात बोलणं झालं ते मी चुलीपाशी ऐकलं.

"इथं कुठी वाचन ते?" बा म्हणाला. "मले झोप पायजे का नको?"

"बैठकीत वाचन."

"बैठक कुठी हाय?"

"होईन."

बा हसला. वाईट हसला नाही, थकलेला माणूस हसतो तसा. म्हणाला, "ठीक हाय बाई. पावसाच्या आत तुही बैठक उभी राह्यली, त शिकन पोरगी. नाही राह्यली, त फुलसावंगीवाल्यायले मी हो म्हनतो." झालं. माझा सगळा जीव त्या न बांधलेल्या खोलीत जाऊन बसला.

जागा आत्यानं शोधली. नाल्याकाठी जुना कोंडवाडा होता, मोकाट गुरं कोंडायचा. गुरं येईनाशी झाली होती, नुसते पायाचे दगड उरले होते. ती जागा मिळवायला ती रोज दवाखान्यातून सुटली की नगरपालिकेच्या दारात जाऊन बसायची. मागायची काही नाही, नुसती बसायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायची. शेवटी तिथले लोकच म्हणाले, बाई, घ्या तो कोंडवाडा. हे किती दिवस चाललं ते मला आता सांगता येणार नाही, पण तिच्या चपलेचा अंगठा त्या काळात दोनदा शिवला.

आता बांधायचं कसं? आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्याहून जास्त बाया दुसऱ्याच्या वावरात निंदायला, वेचायला जाणाऱ्या. वावरात कामाची एक रीत असते. प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे ओळींचा एक पट्टा. आपली पात आपण संपवायची, दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही, आणि आपली पात मागं राहिली तर सगळ्या हसतात म्हणून जीव तोडून ओढायची. आत्यानं तीच रीत भिंतीला लावली. कोंडवाड्याचा पाया दोरीनं मोजला आणि दर घराला चार-चार हात पात देऊन टाकली. माती नाल्याची, कच्च्या विटा ज्यानं त्यानं थापायच्या, वेळ ज्याची त्याची. कोणी सकाळी कामाला जायच्या आधी रचायचं, कोणी पाळीवरून आल्यावर. सांगते ना, अशी भिंत मी पुन्हा कुठं पाहिली नाही. एकीचा तुकडा जाड, एकीचा बारीक, कोणाचा पिवळ्या मातीचा, कोणाचा काळ्या. प्रत्येक घरानं आपल्या पातीत आतून एकेक कोनाडा ठेवला होता, आत्यानं न सांगता. आमची पात मागच्या अंगाला, नाल्याकडे तोंड करून होती. बाने झोप मोडून ती रचली. कोनाड्याभोवती मायच्या फुटलेल्या काकणांचे तुकडे त्यानं ओल्या मातीत एकेक करून बसवले. हमाल माणूस, हात असे राठ की सुई धरवत नसे, आणि त्या हातांनी ती नक्षी. माय बघून गेली आणि त्या दिवशी तिनं भाजीला तेल जरा सढळ घातलं.

भिंत गुडघ्याची झाली, कमरेची झाली, छातीची झाली, डोक्यापर्यंत आली. जो तो आपल्या पातीत. एका दुपारी पैकूजी बाहेर रचून ठेवलेल्या विटांवर पाय देऊन आत उतरले, आतून गिलावा करायला. बाहेरच्या विटा मग बायांनी उचलून वरच्या थराला लावून टाकल्या. मी चहा घेऊन गेले. भिंतीवरून कप दिला. पैकूजींनी चहा प्याला, कप परत दिला आणि चहूकडं पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"शेवंते," ते म्हणाले, "मी बाहीर कुठून येऊ?"

मी भिंतीला फेरी मारली. सगळीकडं भिंत. कोणीच दार ठेवलं नव्हतं.

बाया जमल्या. आधी हसून हसून लोळल्या. आतून पैकूजी ओरडत होते, "कोंडवाडाच बांधला वं गिरजाबाईनं, आन पयलं ढोर मीच." बाजेची शिडी करून त्यांना काढलं. मग हसणं थांबलं आणि ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं, की प्रत्येकाला वाटलं होतं दार शेजारच्या पातीत येईल. आपली पात कमी भरली असं कोण म्हणवून घेईल? आत्या तिथंच खाली बसली आणि स्पष्ट म्हणाली, "चूक माही हाय. वावराचा कायदा मी घराले लावला. वावराले दार नसते." एवढ्या लोकांसमोर स्वतःची चूक इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेली मी पहिल्यांदा ऐकली. तिनं कपाळ बडवलं नाही की कोणावर ढकललं नाही.

पण चूक कबूल करून दार होत नाही. कोणाची पात फोडायची? पुढच्या अंगाला, मोहल्ल्याच्या बाजूला दार हवं यावर सगळे एकमत. पण पुढच्या अंगाच्या पाती ज्यांच्या होत्या ते कोणी ऐकेनात. पैकूजी म्हणाले, "माह्या मायच्या नावानं रचली मी ते. हात लावू देनार नाही." दुसरी म्हणाली, आमची सगळ्यात सरळ आहे, वाकडी असेल ती फोडा. मग वाकडी कोणाची यावर आठ दिवस. काम बंद पडलं. कच्च्या विटांची भिंत, वर छप्पर नाही. आभाळ रोज दुपारी काळं व्हायला लागलं. फुलसावंगीहून निरोप आला की माणसं पुढच्या पंधरवड्यात येतात. मी रोज जाऊन त्या भिंतीला हात लावून यायचे. माझी परीक्षा त्या बिनदाराच्या चौकोनात अडकून पडली होती.

मग आत्यानं सगळ्यांना तिथं बोलावलं. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "मी कोनाची फोडा म्हनून सांगनार नाही. ते माह्या हातात नाही. ज्याले आत जायची साऱ्यायपेक्षा जास्त गरज हाय, त्यानं आपली फोडावी."

 बाया जमिनीकडं बघत होत्या. बा एका बाजूला उभा होता, हातात तंबाखू तशीच. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मला एवढंच आठवतं की सब्बल वाटली होती त्याहून जड निघाली. मी मागच्या अंगाला गेले, आमच्या पातीपाशी, आणि कोनाड्याच्या थोडं खाली घाव घातला.

"अवं शेवंते," मागून कोणीतरी म्हणालं, "तुह्या बापाची हाय ते."

"मले माहीत हाय," मी म्हटलं. रडत होते की नाही, आठवत नाही. माती डोळ्यात गेली होती खरी. तिसऱ्या की चौथ्या घावाला कोनाडा खाली आला, काकणाचे तुकडे मातीत चमकले. वळून पाहिलं तर बा गेलेला होता. उरलेलं मायनं फोडलं. माझ्या हातातून सब्बल घेतली, पदर खोचला आणि निंदण करावं तशी सावकाश, न थांबता, खालपर्यंत.

बा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पण तिसऱ्या दिवशी बाभळीचा एक ओंडका खांद्यावर घेऊन आला आणि त्या भगदाडावर आडवा बसवायला लागला. आत्याला म्हणाला, मला नाही, "फोडलं त फोडलं. वरची वीट कोनाच्या डोक्यावर नको पडाले." मग बांबू आले, तुराट्या आल्या, वर मातीचे कवेलू चढले. पाऊस लागायच्या आत.

दार झालं, पण झालं नाल्याच्या बाजूला. पैकूजी म्हणाले, "मोहल्ल्याले पाठ दाखवून बसली तुही बैठक." आत्या म्हणाली, "आपल्याले फिरून जायले पाय हायत ना." आता गंमत ऐका. नाल्यापल्याड जिनिंगात कामाला आलेल्या बंजाऱ्यांची पालं होती. आमचं त्यांचं जाणंयेणं नव्हतं, पाण्यावरून एकदोनदा तंटाच झालेला. दार त्यांच्याकडं उघडलं. पहिल्याच आठवड्यात धनीबाई म्हणून एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन नाला ओलांडून सरळ आत आली. दार समोर दिसलं म्हणून आली, तिला बिचारीला ठाऊकच नव्हतं की ही खोली दुसऱ्या मोहल्ल्याची आहे. आत मी एकटी वाचत होते. तिनं विचारलं, "याडी, बसू का?" याडी म्हणजे त्यांच्यात आई. पंधरा वर्षांच्या मला ती आई म्हणाली. मी चटई सरकवली आणि आत्याला बोलवायला पळाले. आत्यानं लेकरू मांडीवर घेतलं, पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, कुठून आलीस म्हणून विचारलं नाही. पुढं तो नियमच झाला. बैठकीत आलेल्याला 'कायले आला' असं कोणी विचारायचं नाही. आमच्या बायांनी आधी नाकं मुरडली, मग धनीबाईच्या हातचं मिरचीचं लोणचं खाल्लं आणि गप्प झाल्या.

आता ती कच्ची भिंत नाही. पक्क्या विटांची बैठक आहे, वर स्लॅब, खाली फरशी, पंखे. पोलीस भरतीची पोरंपोरी तिथं अभ्यास करतात, बचतगटाच्या बाया बसतात, पौर्णिमेला बुद्धवंदना होते, कोणाच्या घरी कोणी गेलं तर पाहुणे तिथं उतरतात. बांधताना इंजिनियर म्हणाला होता दार पुढं घेऊ, साऱ्या मोहल्ल्यानं त्याला नाही म्हटलं. मागं कमिटीची पोरं नवी पाटी करत होती, मला म्हणाली, आजी, संस्थेचा उद्देश काय लिहायचा? मी म्हटलं, लिहा, एका खोलीच्या घरांची दुसरी खोली. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पाटीवर त्यांनी 'सर्वांगीण विकास' लिहिलं. लिहू दे. सर्वांगीण विकासालाही कुठंतरी टेकायला जागा लागतेच.

तर त्या वर्षी, छप्पर चढलं न चढलं तोच फुलसावंगीची माणसं आली, मुलाचा बाप आणि चुलता. बा त्यांना घेऊन गल्लीत उभा. घरात धाकटा भाऊ गोवर निघून पडलेला. बसवायचं कुठं? बाने क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांना घेऊन बैठकीकडं निघाला. मी आत पुस्तक घेऊन बसलेली. उठून कोपऱ्यात सरले. माय चहा घेऊन आली, वास लागल्यासारखे पैकूजीही आले.

"बैठक त मस्त हाय गा," मुलाचा बाप म्हणाला. "पन दार मांगून कायले?"

बा चहा बशीत ओतायला लागला. पैकूजींना कुठं राहवतं? "ते नवरीलेच इचारा," ते म्हणाले. "तिनंच फोडली भित, सब्बल घेऊन. सोताच्या बापाची."

चुलता माझ्याकडं बघून हसला. "अरे बाप्पा. मंग आमच्या घरच्या भितीचं कसं होईन?"

सगळे हसले. मायसुद्धा पदराआड. बा हसला नाही. त्यानं बशीतला चहा फुंकला, प्याला, बशी खाली ठेवली.

"तुमच्या घराले दार असन," तो म्हणाला, "त नाही फोडनार ते."

 मग बा हात जोडून, अगदी नरम आवाजात म्हणाला, "पोरीची सातवीची परीक्षा हाय. ते होऊ द्या. तवर तुम्हाले थांबनं होत नसन, त दुसरीकडं पाहा, माहा राग नाही." माणसं खरंच बरी होती. चहा संपवला, चांगलं बोलली, पावसापाण्याचं विचारलं आणि निघाली. नाल्याच्या वळणापर्यंत बा त्यांना पोचवून आला.

परत आला तेव्हा मी तशीच कोपऱ्यात उभी. त्यानं कपबशा गोळा केल्या, एकात एक ठेवून मायच्या हातात दिल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून म्हणाला, "तो परीक्षेचा फारम कुठी भेटते?"

"शाळेत," मी म्हटलं. "हेडमास्तरापाशी."

"चाल मंग," बा म्हणाला. "संध्याकायचा भोंगा व्हायच्या आंधी जाऊन येऊ."